बाविसावा दिवस

पहाटे फिरायला जायचे ठरवून एकवीस दिवस नेटाने पार पडलेले असतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकवीस फुल्या असतात. बाविसाव्या दिवशी साडेपाचचा गजर होतो आणि अंथरुणातून उठणे पहिल्या दिवसाइतकेच जिवावर येते. एव्हाना हे आपोआप व्हायला हवे होते ना? एकवीस दिवसांत सवय लागते असे तर सगळेच सांगतात. म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे, असे समजून माणूस कूस बदलतो. वाईट याचे वाटते की तो ज्या हिशेबावर स्वतःला नापास करतो, तो हिशेब सवयींचा कधी नव्हताच.

मॅक्सवेल मॉल्ट्झ हे न्यूयॉर्कमधले प्लास्टिक सर्जन. १९६० मध्ये त्यांचे 'सायको-सायबरनेटिक्स' हे पुस्तक आले. नाकाची शस्त्रक्रिया झाल्यावर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला, किंवा हात-पाय गमावलेल्या माणसाचे 'तो अवयव अजून आहे' हे भासणे थांबायला, किमान एकवीस दिवस लागतात, असे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवले. पुस्तक प्रचंड खपले. वाक्य तोंडोतोंडी फिरताना त्यातला 'किमान' गळून पडला, चेहरा आणि अवयवही गळाले, आणि उरला तो कोणत्याही सवयीला लागू होणारा एकवीस दिवसांचा नियम.

प्रत्यक्ष मोजणी पुष्कळ उशिरा झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या अभ्यासात ९६ स्वयंसेवकांनी प्रत्येकी एकच नवी गोष्ट निवडली. कुणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खायचे ठरवले, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटे धावायचे. ती गोष्ट बारा आठवडे, रोज, ठरलेल्याच प्रसंगी करायची आणि ती कितपत आपसूक होऊ लागली आहे हे नोंदवायचे. या नोंदींचा आलेख सुरुवातीला झपाट्याने चढत गेला आणि मग हळूहळू सपाट झाला. त्या सपाटीजवळ पोहोचायला लागलेल्या दिवसांचा मध्यक निघाला ६६. मात्र सगळ्यात लवकर पोहोचलेल्याला १८ दिवस पुरले, तर सगळ्यात उशिराचा आकडा २५४ दिवसांचा होता.

हा २५४ दिवसांचा आकडा मोजलेला नाही, हेही सांगायला हवे. अभ्यास ८४ दिवसांत संपला होता. पुढचे दिवस आलेखाची रेषा वाढवून काढलेले आहेत. शिवाय ज्यांच्या नोंदी त्या आलेखात नीट बसल्या असे लोक ३९ होते. त्यामुळे एकवीस खोडून तिथे सहासष्ट लिहिणे म्हणजे एका मंत्राच्या जागी दुसरा मंत्र आणणे. खरी गोष्ट त्या दोन टोकांमधल्या अंतरात आहे. पेलाभर पाणी पिण्याची सवय आणि व्यायामाची सवय एका मापाने मोजता येत नाही. २०२३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ३० हजारांहून अधिक लोकांच्या जिममधल्या हजेरीच्या नोंदी आणि रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या हात धुण्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही हेच दिसले. हात धुण्याची सवय काही आठवड्यांत लागते, जिमला जाण्याची लागायला महिने जातात.

मराठी घरांना हा लांब पल्ला अनोळखी नाही. आषाढी एकादशीला धरलेला चातुर्मासाचा नेम कार्तिकीला सुटतो. मध्ये अधिक महिना आला तर पाच महिने चालतो. कांदा-लसूण वर्ज्य, रोज एक अध्याय, पानावर जेवण. 'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्यानेच चार महिन्यांचे नेमही घातले.

पण त्याच परंपरेतून आणखी एक समजूत मनात घट्ट बसली आहे. घेतलेला वसा मध्येच टाकला की सगळे फुकट, असे श्रावणातल्या कहाण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. व्रतापुरते ते ठीकच. सवयीला मात्र हा नियम लागू नाही. लॅलींच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या वाटचालीत म्हणण्याजोगा फरक पडला नव्हता. त्याहून बोलकी माहिती जॉन नॉरक्रॉस आणि डॉमिनिक व्हँगारेली यांच्या १९८८ च्या अभ्यासात सापडते. त्यांनी नववर्षाचे संकल्प करणाऱ्या २०० जणांचा दोन वर्षे मागोवा घेतला. पहिल्या आठवड्यानंतर ७७ टक्के लोक टिकून होते, दोन वर्षांनंतर १९ टक्के. हे आकडे निराश करणारे वाटतील, पण पुढचा तपशील पाहा. जे यशस्वी झाले त्यांच्यातल्याही ५३ टक्के लोकांचा पाय निदान एकदा घसरला होता आणि दोन वर्षांत अशा घसरण्याची सरासरी होती १४. म्हणजे शेवटपर्यंत पोहोचलेल्यांमध्येही निम्म्याहून अधिक लोक वाटेत चुकलेलेच होते. एक फुली राहिली म्हणून कॅलेंडर फाडणाऱ्याला हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवे.

मग प्रश्न येतो इच्छाशक्तीचा. ती पिंपातल्या पाण्यासारखी असते, दिवसभर वापरली की संध्याकाळी तळ दिसतो, ही कल्पना १९९८ मधल्या एका गाजलेल्या प्रयोगातून पसरली. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी ताज्या चॉकलेट बिस्किटांचा वास दरवळणाऱ्या खोलीत काही विद्यार्थ्यांना नुसते मुळे खायला लावले आणि मग न सुटणारी कोडी दिली. मुळे खाणाऱ्यांनी साधारण आठ मिनिटांत हात टेकले, बिस्किटे खाणारे एकोणीस मिनिटांच्या आसपास झुंजत राहिले. पुढे शेकडो निबंध या पायावर उभे राहिले. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर याच कल्पनेची कसोटी पाहिली, तेव्हा परिणाम जवळपास शून्य आला. प्रश्न अजून मिटलेला नाही, तरी पिंपाच्या उपमेवरचा विश्वास बराच उडाला आहे. कृष्णा सावनी आणि व्हेरोनिका जॉब यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर भारतीयांमध्ये उलटेच चित्र दिसले. मन एकाग्र करण्याच्या श्रमाने उभारी येते असे मानण्याकडे त्यांचा कल होता, आणि अवघड कामानंतर पुढचे काम त्यांनी अधिक चांगले केले.

ज्यांना आपण 'फार निग्रही' म्हणतो, ते लोक मोहाशी सतत झुंजत असतात हाही असाच एक समज. विल्हेल्म हॉफमन यांनी जर्मनीत २०५ प्रौढांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारले, आत्ता कसली इच्छा होते आहे, तिला आवरता आहात का? आत्मसंयम जास्त असलेल्यांना अशी झुंज कमी वेळा द्यावी लागत होती. फरसाणाचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर, मागे ठेवणाऱ्या आजींना हे प्रयोगाविनाच ठाऊक होते.

सवय किती जागेला चिकटलेली असते, हे वेंडी वुड आणि डेव्हिड नील यांच्या २०११ च्या प्रयोगात फार सुंदर दिसते. चित्रपटगृहात आलेल्या काही प्रेक्षकांना ताजे पॉपकॉर्न दिले, काहींना सात दिवसांचे शिळे. चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांनी शिळेही ताज्याइतकेच संपवले, चव आवडली नाही असे सांगूनही! तोच प्रकार सभाकक्षात केल्यावर मात्र शिळे पॉपकॉर्न मागे उरले. चित्रपटगृहातही नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितले, तेव्हा चव पुन्हा लक्षात येऊ लागली. खाण्याचा हुकूम तोंडाकडून येत नव्हता. तो अंधार, खुर्ची आणि पडद्याकडून सुटत होता.

याचे सगळ्यात धक्कादायक उदाहरण व्हिएतनाम युद्धातले आहे. १९७१ मध्ये अमेरिकी सरकारला कळले की तिथले सैनिक मोठ्या प्रमाणावर हेरॉइन घेत आहेत. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. तिथे असताना पाचातला एक जण व्यसनाधीन झालेला होता. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले सुमारे पाच टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. मायदेशी जाण्याआधीची सक्तीची लघवीतपासणी, हेरॉइन मिळण्यातली अडचण अशी इतरही कारणे त्यामागे होती. तरी ज्या छावणीत, ज्या मित्रांबरोबर, ज्या कंटाळ्यात ते व्यसन लागले होते, ते सगळे एका विमानप्रवासात मागे पडले हे विसरून चालत नाही.

मोडण्याचे जे, तेच जोडण्याचेही. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 'व्यायाम करीन' या इराद्यापेक्षा 'अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झाले की करीन' अशी योजना किती वेगळी ठरते हे दाखवले. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला आणि परिणाम लक्षणीय निघाला. ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवरची २००२ ची एक चाचणी विशेष प्रसिद्ध आहे. व्यायामाचे महत्त्व पटवून देणारा मजकूर वाचलेल्या गटातल्या ३५ टक्के विद्यार्थ्यांनी पुढच्या आठवड्यात व्यायाम केला, काहीच न वाचलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी. ज्यांनी त्या मजकुरासोबत दिवस, वेळ आणि जागा लिहून दिली, त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी. आकडे विद्यार्थ्यांनी स्वतःच सांगितलेले आहेत हे खरे, पण नुसत्या प्रेरणेने काहीच हलले नाही हे डोळ्यांत भरते.

इथे 'संकल्प' या शब्दाकडेच वळून पाहावेसे वाटते. पूजेला बसल्यावर गुरुजी जो संकल्प सोडायला लावतात, त्यात संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार येतात. नदीचा कुठला तीर तेही येते. करणाऱ्याचे नाव-गोत्र येते, आणि मग काय करणार ते. एक जानेवारीच्या संकल्पात हे सगळे गळून फक्त शेवटचा भाग उरतो.

ध्येय कागदावर लिहिण्याच्या बाबतीत मात्र एक बनावट गोष्ट सांगितली जाते. येल विद्यापीठातल्या १९५३ च्या पदवीधरांपैकी ज्या तीन टक्क्यांनी ध्येये लिहून ठेवली होती, त्यांची संपत्ती वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त निघाली म्हणे. 'फास्ट कंपनी' मासिकाने १९९६ मध्ये या गोष्टीचा माग काढला, तेव्हा असा अभ्यास झालाच नव्हता असे आढळले. व्याख्यानांतून ती आजही ऐकू येते. लिहिण्याचा उपयोग आहे, पण तो वाटचालीची नोंद ठेवण्यात जास्त आहे. २०१६ मध्ये १३८ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात प्रगती नियमित तपासणाऱ्यांना ध्येय गाठणे सोपे गेल्याचे दिसले, आणि नोंद प्रत्यक्ष लिहून ठेवली तर परिणाम आणखी वाढला.

आणि सगळेच काही अंगवळणी पडत नसते. दात घासणे आपसूक होते. ग्रंथ लिहिणे होत नाही. भारतरत्न पांडुरंग वामन काणे मुंबईत वकिली करत. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या आवृत्तीसाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना लिहावी, एवढाच मूळ बेत होता. त्यातून 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' उभा राहिला. पहिला खंड १९३० मध्ये आला, शेवटचा १९६२ मध्ये, आणि पाने साडेसहा हजारांच्या वर गेली. मेजाशी जाऊन बसण्यापर्यंतच सवय सोबत करते, पुढचे प्रत्येक पान जागेपणीच लिहावे लागते. म्हणून दोन महिन्यांनंतरही अवघड काम अवघडच वाटत असेल, तर ते सवय न लागल्याचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

२०२१ मध्ये 'नेचर'मध्ये केटी मिल्कमन आणि अनेक संशोधकांनी मिळून केलेला एक प्रचंड प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका जिमसाखळीच्या ६१ हजारांहून अधिक सभासदांवर ५४ वेगवेगळ्या चार आठवड्यांच्या योजना आजमावल्या गेल्या. जवळपास निम्म्या योजनांनी त्या काळात हजेरी वाढवली. महिना संपल्यावर बहुतेकींचा परिणाम ओसरला. सगळ्यांत सरस ठरली ती योजना खाडा झालेल्यांसाठीची होती. ठरलेली एक फेरी चुकल्यावर जो पुन्हा जिममध्ये आला, त्याला थोडे जास्तीचे गुण मिळत. त्या गुणांची किंमत होती नऊ सेंट, म्हणजे तेव्हाचे सहा-सात रुपये.