पूर्ण एक मिनिट

आठ महिन्यांचं बाळ, दोन दिवसांचा खोकला, अंगात ताप. पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी लेकरं रोज येतात. एमबीबीएसनंतरचं बाँडचं वर्ष पुरं करायला आलेली चोवीस वर्षांची वैद्यकीय अधिकारी त्या बाळाचे श्वास मोजत होती. एका हातानं झबलं वर धरलेलं, दुसऱ्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. अठराव्या सेकंदाला मेसेजची पट्टी वरून सरकत आली. कॉलेजच्या ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस होता. तिनं मेसेज उघडला नाही. नजर फक्त गेली आणि परत आली, पण तेवढ्यात मोजणी चुकली. बाळ किरकिरायला लागलं होतं, दाराबाहेर रांग होती. तिनं पुन्हा सुरुवात केली, या वेळी पंधराच सेकंद. अकरा श्वास. अकरा चोक चव्वेचाळीस. या वयात पन्नासच्या आत म्हणजे ठीक. केसपेपरवर ‘सर्दी-खोकला’ लिहून, पॅरासिटामॉल देऊन तिनं पुढचा पेशंट बोलावला.

बाळासोबत आलेल्या आशाताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. “मॅडम, लेकराच्या पोटाकडं पाहा न जी एकदा. मोबाईल ठेवून द्या,” त्या म्हणाल्या. आईनं बाळाला पाजलं, ते शांत झालं. सिस्टरनं मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं आणि डॉक्टरनं यावेळी पूर्ण एक मिनिट मोजलं. चोपन्न.

चव्वेचाळीस आणि चोपन्न यांतला फरक म्हणजे साधी सर्दी आणि न्यूमोनिया यांतला फरक. खेडोपाडी जिथे एक्स-रे नसतो तिथे बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा तो श्वासांच्या वेगावरून. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेचे हे आकडे प्रत्येक आशाताईला पाठ असतात. आणि मोजायचं ते बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. लहान बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही. दहा सेकंद भरभर, मग जरा संथ, पुन्हा भरभर. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं की एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. हे त्या डॉक्टरला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत तिनं हेच लिहून मार्क मिळवले होते.

बाळ दूध ओढत होतं, छाती आत खेचली जात नव्हती, म्हणजे ॲडमिट करायची गरज नव्हती. अमॉक्सिसिलिनच्या विरघळणाऱ्या गोळ्या पाच दिवस आणि दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला या, असं सांगून त्यांना घरी पाठवलं. त्या रात्री तिनं डायरीत एकच ओळ लिहिली: ‘आज मी बाळाकडे नाही, घड्याळाकडेही नाही, फोनकडे बघत होते.’

या एका ओळीवर थांबण्यासारखं बरंच आहे. तिनं मेसेज वाचलाच नव्हता, मग चूक का झाली? अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये नेमकं हेच तपासलं. बारकाईनं लक्ष द्यावं लागेल असं काम करत असलेल्या तरुणांच्या फोनवर सूचना पाठवल्या. फोनला हात न लावताही त्यांच्या चुका वाढल्या. सूचना आली एवढं कळणं पुरेसं होतं. मन ‘कुणाचा असेल’ इथे जाऊन यायचं. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत नर्सेसच्या औषध देण्याच्या कामाचं निरीक्षण झालं, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. कामात येणाऱ्या प्रत्येक व्यत्ययामागे चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होतं. ते व्यत्यय बहुतेक माणसांनी आणलेले होते. आता प्रत्येकाच्या खिशात एक व्यत्यय आणणारा कायमचा नेमलेला आहे, आणि त्याचं रिचार्जही आपणच करतो.

दुसऱ्या रात्री जोराचा पाऊस झाला. लाईट गेली, नाल्याला पूर आला, टॉवरची बॅटरी उतरली आणि फोनवरच्या रेघा एकेक करून गेल्या. त्या परत आल्या सहा दिवसांनी.

पहिल्या दिवशी तिला ॲप्रनच्या खिशात फोन थरथरल्यासारखं पाच-सहा वेळा वाटलं. रेंज नसताना. हा भ्रम डॉक्टर मंडळींच्या चांगल्या परिचयाचा आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या एका रुग्णालयात डॉक्टर, नर्स आणि इतर कर्मचाऱ्यांना याबद्दल विचारलं, तेव्हा दर तिघांपैकी दोघांनी ‘हो, होतं’ असं सांगितलं होतं. तो अभ्यास २०१० च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मेंदू अपेक्षेत बसलेला असला की कापडाचा साधा स्पर्शही त्याला निरोप वाटतो. त्यात आजार काही नाही. पण अपेक्षा किती खोल मुरली आहे ते यातून कळतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ती दर दुसऱ्या पेशंटला फोनकडे हात नेते. तापाच्या मुलाला पॅरासिटामॉल किती? किलोला १५ मिलिग्रॅम. हे तिला तिसऱ्या वर्षापासून पाठ आहे, तरी ती रोज ॲप उघडून बघायची. बघितल्याशिवाय आपलंच उत्तर खरं वाटेनासं झालं होतं. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी असं दाखवलं होतं की माहिती संगणकात साठवलेली राहणार हे माहीत असेल, तर माणसं ती माहिती कमी लक्षात ठेवतात, ती कुठे ठेवली आहे ते जास्त. यात वाईट काही नाही. आपल्या आज्या सणावारांची माहिती पंचांगावर सोपवूनच होत्या. अडचण येते ती पंचांग वाहून गेल्यावर. तिसऱ्या दिवशी तिनं औषधांच्या खोलीत भिंतीवरचा जुना, कोपरे फाटलेला तक्ता शोधून काढला आणि मुलांचे डोस हातानं लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवले. लिहिताना समजलं की निम्म्याहून जास्त तिला येतच होते. घरच्यांपैकी कुणाचाही फोन नंबर मात्र येत नव्हता. आईचासुद्धा नाही.

त्याच दिवशी ते बाळ परत आलं. सिस्टरचं घड्याळ टेबलावर ठेवून डॉक्टर बाळाच्या पोटाकडे बघत राहिली. एक मिनिट किती लांब असतं ते तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं, असं ती सांगते. त्या मिनिटात श्वासांखेरीजही बरंच दिसलं. आईच्या नखांचा पांढुरकेपणा दिसला, म्हणजे तिचंही हिमोग्लोबिन बघायला हवं. थोरली बहीण पायरीवर बसून खोकत होती, तेही दिसलं. श्वास भरले छत्तीस.

श्वास मोजण्याची गोष्ट गडचिरोलीत निघाली की एका साधनाची आठवण होणं अपरिहार्य आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं इथल्या खेड्यांत बालन्यूमोनियावर काम सुरू केलं, तेव्हा गावातल्या दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून त्यांच्यासाठी मण्यांची पाटी तयार झाली, सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. अक्षरओळख नसलेल्या बायका त्यावर अचूक निदान करू लागल्या. गावातच उपचार मिळाल्यानं न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाल्याचं १९९० च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

त्याच्या किती तरी आधी, १७०७ मध्ये, जॉन फ्लॉयर या इंग्लिश डॉक्टरनं नाडी मोजण्यावर पुस्तक लिहिलं. त्यानं घड्याळजीकडून एक खास घड्याळ करवून घेतलं होतं. ते बरोबर एक मिनिट चालायचं आणि थांबायचं. वाळू संपते, फ्लॉयरचं घड्याळ थांबतं, आणि डॉक्टरचं लक्ष पुन्हा पेशंटकडे येतं. फोनवर बोटानं सरकवत जायचं अखंड पान मात्र २००६ मध्ये एझा रॅस्किन या तंत्रज्ञानं शोधलं, ते संपतच नाही. पुढे त्यानं स्वतःच त्याबद्दल खंत बोलून दाखवली. त्या पानावर मध्येच कधी तरी काही तरी गमतीचं मिळतं, आणि कधी मिळेल ते ठरलेलं नसतं. बक्षीस असं अनिश्चितपणे मिळालं की सवय सर्वांत चिवट होते, हे स्किनरच्या कबुतरांनी १९५० च्या दशकातच दाखवून दिलं आहे. तेव्हा ‘आजकालच्या पोरांना ताबा नाही’ असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी स्वतःचा रात्री अकरानंतरचा फोनही एकदा तपासावा. ओपीडीत मानदुखी आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखणं घेऊन येणाऱ्यांत पन्नाशीचे लोकही कमी नसतात.

‘फोनचं व्यसन’ हा शब्द घरोघरी वापरला जातो. पण जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत फोनचं व्यसन नाही. खेळांचं आहे, म्हणजे ‘गेमिंग डिसऑर्डर’. बहुतेकांचं गाडं सवयीपाशी अडलेलं असतं आणि सवय बदलता येते. सूचनांचे आवाज आणि पट्ट्या बंद करून फक्त घरच्यांचे कॉल चालू ठेवले, झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, गजराला खरं घड्याळ आणलं, तरी पुष्कळ फरक पडतो. मात्र झोप, जेवण, अभ्यास, नोकरी मोडीत निघाली असेल आणि फोन काढून घेतला की माणूस अंगावर धावून येत असेल, तर मदत घ्यावी. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये यासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे, आणि ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो.

चौथ्या दिवशी पहाटे एका तिशीतल्या शेतकऱ्याला आणलं. पोटात दुखतंय, मळमळतंय. तो जमिनीवर झोपला होता, रात्री अंगावरून काही तरी गेल्यासारखं झालं, एवढंच सांगत होता. दंशाची खूण नव्हती. डॉक्टरनं त्याचं दोन मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन टेबलावर उभं ठेवलं. ही तपासणी अगदी साधी आहे: नळी वीस मिनिटं हलवायची नाही, नंतर तिरकी करून रक्त गोठलं का ते बघायचं. एरवी ही वीस मिनिटं तिची फोनमध्ये गेली असती. फोन कपाटात होता. ती स्टुलावर बसून त्याच्याशी रोवणीबद्दल बोलत राहिली. दहाएक मिनिटांनी तो तिच्याकडे बघताना कपाळ वर ओढायला लागला. पापण्या पुऱ्या उघडत नव्हत्या. मग शब्द जड झाले.

मण्यार. तिचा दंश दुखत नाही, बऱ्याचदा दिसतही नाही. विष मज्जातंतू आणि स्नायूंच्या जोडावर काम करतं, रक्तावर नाही. वीस मिनिटांनी नळीतलं रक्त छान गोठलेलं होतं. फक्त नळीकडे बघणाऱ्याला ते ठीकच वाटलं असतं. सर्पविषावरच्या लसीच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू झाल्या.

आणि इथेच फोन हवा होता. १०८ ला लागत नव्हता. जिल्हा रुग्णालयाला व्हेंटिलेटर तयार ठेवा, पेशंट निघालाय, एवढं सांगायला कुठलाच मार्ग नव्हता. आधीच्या चार दिवसांत डायरीत ‘फोन नसल्याचा फायदा’ असं शीर्षक देऊन लिहिलेल्या पानावर तिनं त्या दिवशी आडवी रेघ मारली. आरोग्य केंद्राची गाडी होती, नाल्याचं पाणी उतरलं होतं. सिस्टर अंबू बॅग घेऊन सोबत गेली. डॉक्टरनं हातानं लिहिलेली चिठ्ठी सिस्टरच्या पिशवीत होती: किती वाजता पापण्या उतरल्या, किती वाजता लस सुरू केली. पुढचे दोन दिवस त्याचं काय झालं हे तिला कळलं नाही. गाडी परत आली तेव्हा ड्रायव्हर एवढंच म्हणाला की पोहोचला तेव्हा श्वास चालू होता.

सहाव्या दिवशी संध्याकाळी टॉवर सुरू झाला. फोन टेबलावर कितीतरी वेळ थरथरत फिरत राहिला. शेकडो मेसेज होते. वाढदिवस, त्याचे धन्यवाद, लग्नाचे फोटो, परीक्षेच्या तारखांवरचे वाद. ती भराभर वर सरकवत एकच नाव शोधत होती, जिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या वर्गमित्राचं. ते सापडलं. आदल्या दिवशीचा मेसेज: ‘तुझ्या मण्यारवाल्याची नळी काढली. बोलतोय. रोवणी राहिली म्हणून चिडलाय.’

नंतरच्या रविवारी तिनं आलापल्लीच्या बाजारातून सेकंदकाट्याचं घड्याळ घेतलं. पट्टा मनगटाला सैल होत होता. आशाताईंनी तापवलेल्या सुईनं त्याला एक भोक जास्तीचं पाडून दिलं.