आठवीनंतर काय? मुलांना विचारले का?

अमेरिकेतील आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक आजही घोडागाडीतून फिरतात. त्यांची मुले सहसा आठवीपर्यंतच शिकतात. मग शेती, सुतारकाम, घरकाम. विस्कॉन्सिन राज्यात मात्र सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची होती. मुलांना हायस्कुलात न पाठवणाऱ्या तीन पालकांना प्रत्येकी ५ डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७२ मध्ये पालक जिंकले.

न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांना एक गोष्ट खटकली. एखाद्या मुलाला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचे असेल तर? तीन मुलांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती. तिला स्वतःलाच हायस्कूल नको होते. उरलेल्या दोघांच्या मनात काय होते, ते न्यायालयाला कळलेच नाही.

चौदाव्या वर्षी मेंदूची जडणघडण पूर्ण झालेली नसते. नियोजन करणारा, परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. अमूर्त विचार करण्याची क्षमता याच वयात वाढते. नेमके तेव्हाच शिक्षण थांबते.

आमिश मुलांना कष्टाची सवय आणि नातलगांचा आधार मिळतो; शेतावर वाढल्याने त्यांच्यात दमाही कमी आढळतो. हे फायदे खरेच आहेत. पण जग पाहून घरचीच वाट निवडणे वेगळे आणि दुसरी वाट ठाऊकच नसणे वेगळे. श्रद्धा कोणतीही असो, मुलांपुढचे पुस्तक मिटण्याआधी त्यांना विचारायला हवे.