काचबिंदू, विस्मरण आणि मेंदूतल्या खुणा

मोतीबिंदू आणि काचबिंदू. नावं ऐकली तर सख्खी भावंडं वाटावीत. ज्यानं कुणी ती ठेवली त्याचा कान चांगला असणार, पण त्यापायी घोटाळा फार झाला. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की माणूस पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागतो. काचबिंदूत खराब होते ती डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस. तिथं गेलेली नजर परत येत नाही. 'पिकू द्या, मग बघू' हे मोतीबिंदूचं जुनं वाक्य काचबिंदूला लावलं तर डोळा गेलाच म्हणून समजा.

आमच्या शेजारच्या खालांना काचबिंदू निघाला, तेव्हा त्यांच्या मुलानं मला विचारलं, ''काचबिंदू आणि अल्झायमर एकच असं वाचलं. म्हणजे अम्मी पुढं आम्हाला ओळखणार नाही का?'' मी कवी माणूस, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न टाळण्यासारखा नव्हता.

या बातमीच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. डोळ्याचा आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, गर्भात मेंदूच्याच भागातून तयार होतो. तिथल्या पेशींचे दहा-बारा लाख तंतू एकत्र येऊन नस बनते. ती मेंदूच्या मध्यभागी, थॅलॅमसमधल्या एका छोट्या ठाण्यावर पोचते, आणि तिथून दुसरे तंतू निरोप घेऊन डोक्याच्या मागच्या भागात जातात. टोरांटोतील येनी युसेल आणि नीरू गुप्ता यांनी आधी माकडांमध्ये आणि 2006 मध्ये मरणोत्तर तपासलेल्या मानवी मेंदूत दाखवलं, की काचबिंदूत हे मधलं ठाणंही झिजतं. वरचा कालवा आटला की खालची शेतं सुकतात, तसंच.

मेंदू न उघडता हे दिसतं ते एमआरआयमुळे. त्यातल्या एका पद्धतीत मेंदूतल्या पाण्याच्या कणांची हालचाल मोजतात. उसाच्या सरीत पाणी सोडलं तर ते सरीसरीनंच पुढं जातं. वरंबे ढासळले की वाट्टेल तिकडं पसरतं. तंतू धड असतील तर पाणी त्यांच्या दिशेनं सरकतं. ते झिजले की हालचाल सैरावैरा होते. काचबिंदूत दृष्टीच्या वाटेवर अशी खूण मिळते. अल्झायमरमध्येही मेंदूच्या तंतूंत हीच खूण मिळते, आणि सोबत स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग आकसलेला दिसतो.

उलट बाजूनंही दुवा सापडला. अल्झायमरनं गेलेल्या रुग्णांच्या दृष्टीच्या नसेतले तंतू कमी झालेले असतात, हे 1986 मध्येच अमेरिकेत नोंदलं गेलं. आता ओसीटी या तपासणीत, प्रकाशाच्या साहाय्यानं, पडद्यावरच्या तंतूंचा थर काही मिनिटांत मोजता येतो. तो काचबिंदूत पातळ होतो आणि अल्झायमरच्या अनेक रुग्णांतही पातळ आढळतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी तर हळदीतल्या कर्क्युमिनचा उपयोग करून डोळ्याच्या पडद्यावरचा अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारा प्रथिनाचा गाळ, उजळून पाहिला. कर्क्युमिन त्या गाळाला चिकटतं आणि चमकतं, इतकाच त्याचा अर्थ. लगेच दुधात दोन चमचे हळद वाढवू नका.

मग आजार एकच का? नाही. समान आहे ती झीज. झिजण्याची कारणं आणि जागा वेगळ्या. काचबिंदूत नुकसान मुख्यतः दृष्टीच्या वाटेनं जातं. अल्झायमर बहुधा स्मरणाच्या भागात सुरू होतो, आणि पेट स्कॅनमध्ये अमायलॉइड दिसणं ही त्याची खूण, काचबिंदूची नव्हे. रस्त्यावर दोन ठिकाणी खड्डे सारखेच दिसतात. एक पावसानं पडलेला असतो, दुसरा नळ टाकायला खणलेला.

आकडेही एका सुरात बोलत नाहीत. 2002 मध्ये जर्मनीतल्या वृद्धाश्रमांत केलेल्या पाहणीत अल्झायमरच्या शंभरातल्या सव्वीस जणांना काचबिंदू होता, इतरांत मात्र शंभरात पाच. 2007 मध्ये डेन्मार्कच्या मोठ्या नोंदींतून असा संबंध निघालाच नाही. खालांच्या मुलाला मी हेच सांगितलं: काचबिंदू झाला म्हणून विस्मरण होणारच, असं कुणीही म्हणू शकत नाही.

एवढं असूनही या संशोधनाला मी किरकोळ मानत नाही. डोळ्यातला दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होतो, आणि दाब उतरवल्यावरही काहींची नजर जात राहते. अशा रुग्णांसाठी नस वाचवणारं औषध हवं आहे, आणि झिजणाऱ्या पेशी वाचवण्याची विद्या कुठल्या आजारातून आधी हाती लागेल ते सांगता येत नाही. आज मात्र हातात आहे तो दाब उतरवणं: थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रिया. थेंबांनी नजर सुधारत नाही, म्हणून लोक ते सोडून देतात. राहिलेली नजर टिकते ती त्या थेंबांवरच.

ज्या घरात वृद्ध माणसाला दोन्ही त्रास असतील, तिथं आणखी एक पेच आहे. काचबिंदूच्या तपासणीत समोर ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. विसरणाऱ्या माणसाला ते जमत नाही आणि नजर आहे त्याहून वाईट ठरते. स्मरणाच्या तपासणीत घड्याळ काढायला, आकृती उतरवायला सांगतात; ज्याला कडेचं दिसत नाही त्याची आकृती अर्धवट राहते आणि बुद्धी मंदावली असा शेरा पडू शकतो. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना विसरण्याबद्दल सांगा आणि मेंदूच्या डॉक्टरांना काचबिंदूबद्दल. शिवाय थेंब घालायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, ठरलेल्या वेळी, आपल्याकडे घ्यावं.