बंडी खाली झाल्यावर

मंडळी, मागच्या वेळी आपण 'वचन' या कल्पनेपाशी थांबलो होतो. निघताना एका श्रोत्यानं आम्हाला गाठलं. म्हणाले, "सर, वचनबिचन ठीक आहे. पण पैसे भरून झाल्यावर कंपनी पुन्हा पैसे मागते, त्याचं काय?" प्रश्न आम्हाला आवडला. आज तोच घेऊ.

सुरुवात घरापासूनच करू. आमच्याकडे गॅसचं सिलिंडर येतं, पैसे मोबाइलवरून आधीच भरलेले असतात. पोरगा सिलिंडर ओट्याजवळ ठेवतो आणि दारात थांबतो. "काकाजी, तीस रुपये द्या लागते न." कशाचे? "आणून देल्याचे." आता पावतीवर जी किंमत असते, तिच्यात घरपोच आणण्याचा खर्च धरलेलाच असतो. आपण स्वतः गोदामातून सिलिंडर आणलं, तर तेवढी सूट मिळायला हवी. हे आम्हाला माहीत होतं. तरी कितीतरी वर्षं आम्ही ते तीस रुपये मुकाट्यानं देत आलो. जन्मभर नीतिशास्त्र शिकवलेला माणूस! का दिले? रक्कम लहान, पोरगा घामानं भिजलेला, आणि खरं सांगायचं तर मनात भीती, की पुढचं सिलिंडर चार दिवस उशिरा आलं तर?

त्या भीतीकडे जरा नीट पाहू. दुकानदारानं भाव जास्त सांगितला तर आपण म्हणतो, "नको बुवा", आणि पुढच्या दुकानात जातो. त्यात फसवणूक नाही. किंमत म्हणजे दुकानदारानं दिलेला शब्द, आपण हो म्हटलं की सौदा झाला. पण सौदा झाल्यावर जो आकडा वाढतो, त्या वेळी आपल्याकडे "नको" म्हणायची सोय उरलेली नसते. पैसे गेलेले असतात, वस्तू अर्धी त्यांच्या हातात, अर्धी आपल्या. मागणारा नेमका हाच क्षण निवडतो. तीस रुपये की तीन हजार, हा प्रश्न नंतरचा.

वऱ्हाडातल्या माणसाला हा क्षण नवा नाही. इथं बसलेल्या अनेकांच्या आजोबांनी तो कापसाच्या बाजारात भोगलेला आहे. भाव ठरायचा, बंडी जिनिंगमध्ये जायची, गठुडी सुटायची, आणि मग व्यापारी म्हणायचा, कापूस ओला आहे, कवडी आहे, भाव कमी होईल. वर हमाली, तोलाई, नमुन्याचा कापूस, धर्मादाय. भरल्या बंडीचा शेतकरी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाऊ शकतो. खाली झालेल्या बंडीचा कुठं जाणार? पुन्हा भरायची, बैल जुंपायचे, अंधार पडलेला. तो अंगठा उठवायचा आणि घरी यायचा.

म्हणूनच, देशातल्या पहिल्या नियंत्रित बाजारांचा इतिहास आपल्या वऱ्हाडात सुरू होतो, ही गोष्ट आम्हाला योगायोग वाटत नाही. आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या कारंज्याला 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानं असा बाजार सुरू झाला. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. (साहेबाला शेतकऱ्याचा कळवळा आला होता असं समजू नका. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावात हवा होता.) बाजाराची जागा ठरली, दलाल आणि मापाऱ्यांना परवाना लागू लागला. 1928 च्या शाही कृषी आयोगाच्या अहवालातही वऱ्हाडच्या या बाजारांची दखल आहे. कापाकापी त्यानं संपली नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण बाजाराचे नियम सौद्याच्या आधी, सगळ्यांना दिसतील असे असावेत, हा विचार आपल्या मातीत सव्वाशे वर्षं जुना आहे.

हाच विचार न्यायालयानं एका वेगळ्याच प्रकरणात मांडला. इंग्लंडमध्ये 1949 चा ऑली विरुद्ध मार्लबरो कोर्ट असा खटला आहे. एका जोडप्यानं हॉटेलच्या काउंटरवर पैसे भरले आणि खोलीत गेले. खोलीत पाटी होती, सामान चोरीला गेल्यास हॉटेल जबाबदार नाही. पुढे बाईंचे उंची कोट चोरीला गेले. हॉटेलवाले पाटीकडे बोट दाखवू लागले. न्यायालय म्हणालं, करार काउंटरवर झाला, तेव्हा ही पाटी त्यांनी पाहिलेली नव्हती. सबब ती अट लागू नाही. किती साधी गोष्ट! करार कधी पूर्ण झाला ते शोधा, त्यानंतर आलेली अट दोघांच्या संमतीशिवाय अट नव्हेच.

आता मोबाइलवरच्या बाजाराकडे येऊ. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी 'डार्क पॅटर्न'विषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ग्राहकाला चकवण्याच्या 13 तऱ्हा दिल्या आहेत. एकीचं नाव 'ड्रिप प्रायसिंग', म्हणजे किंमत थेंब थेंब करून सांगणं. सुरुवातीला खरी किंमत लपवणं त्यात येतंच, पण खरेदी पक्की झाल्यावर आधी दाखवल्यापेक्षा जास्त रक्कम घेणंही येतं. आणि पैसे भरलेली सेवा, आणखी काही घेतल्याशिवाय वापरूच न देणं, हेही येतं. त्याचं उदाहरणही गमतीचं आहे: व्यायामशाळेचं सभासदत्व घेतलं, आणि दारात सांगितलं की बूट-हातमोजे आमच्याकडूनच घ्या, नाहीतर आत सोडणार नाही. ही बंडी खाली झाल्यावरचीच गोष्ट, फक्त बैल नाहीत.

तुम्ही म्हणाल, कंपनीलाही खर्च असतो. असतो ना. तो किमतीत घाला आणि आधी सांगा. कान्टनं 1785 च्या पुस्तकात एका दुकानदाराचं उदाहरण दिलंय. तो सगळ्यांना एकच भाव लावतो, लहान मूल आलं तरी तोच. कान्ट विचारतो, हे कर्तव्यबुद्धीनं की धंद्याच्या हिशोबानं? आम्ही वर्गात नेहमी या प्रश्नावर तास काढायचो. आता वाटतं, आधी असा दुकानदार तरी भेटू दे, हेतू मग तपासू.

ज्यांना तक्रार करायची आहे त्यांच्यासाठी: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कंपनी मुंबईची असो की बंगळुरूची, तिवस्याच्या माणसाला अमरावतीपर्यंतच जावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही.

आमच्या सिलिंडरचं काय झालं, असं कुणीतरी आता विचारणारच. गेल्या महिन्यात आम्ही पोराला म्हटलं, "बाबू, पावती देतोस का?" तो हसला. "पावती तं नाही भेटत, काकाजी." मग त्याला तीस रुपये दिले, आणि हे तुझे, एजन्सीचे नाहीत, असं सांगून दिले. एजन्सीला मात्र पत्र लिहून विचारलंय, हे शुल्क कोणत्या नियमानं घेता? उत्तर अजून आलेलं नाही. सिलिंडर या वेळी दोन दिवस उशिरा आलं.