निवड हिरावलेल्यांचा न्याय कसा करावा?

सातारा जिल्ह्यातील औंध आणि आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी हे दोन्ही भाग पूर्वीच्या औंध संस्थानातले. १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती सोपविला. या प्रयोगात राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्यासोबत झटणारे मॉरिस फ्रीडमन हे मूळचे वॉर्सा येथील ज्यू अभियंते. औंधच्या गावागावांत पंचायती रुजत होत्या, त्याच वर्षांत फ्रीडमन यांच्या जन्मगावी माणसाचा निवडीचा अधिकार पार पुसला जात होता. छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या आठवणी समजून घेण्यासाठी हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

दोन्ही वाटा विनाशाच्या

जुलै १९४२ मध्ये नाझींनी वॉर्साच्या बंदिस्त ज्यू वस्तीतून रोज हजारो माणसे गाडीवर हजर करण्याचा हुकूम दिला. ज्यू मंडळाचे प्रमुख अॅडम चेर्निआकोव यांची पत्नी तूर्त मोकळी होती. पण कामात अडथळा आल्यास ओलीस म्हणून तिला गोळी घालण्याची धमकी होती. यादीतून निदान अनाथ मुले वगळावीत, ही त्यांची विनवणीही व्यर्थ ठरली. २३ जुलै रोजी त्यांनी विष घेतले. गाड्या मात्र थांबल्या नाहीत. सप्टेंबरपर्यंत सुमारे २ लाख ६५ हजार लोकांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेण्यात आले. चेर्निआकोव यांची दैनंदिनी मागे राहिली. त्यांनी हुकूम पाळला असता तरी, मोडला तरी, निष्पाप जीव वाचणार नव्हतेच. अशा प्रसंगाला अभ्यासक लॉरेन्स लँगर यांनी 'निवडच नसलेली निवड' म्हटले आहे.

फेब्रुवारी १९४४ मध्ये ऑशविट्झला पाठविलेले इटालियन रसायनतज्ज्ञ प्रिमो लेव्ही यांनी १९८६ च्या पुस्तकात छावणीतील 'करड्या प्रदेशा'चे विवेचन केले. सूपाची एक जादा वाटी किंवा जरा हलके काम मिळविणारा कैदी जगण्याची शक्यता अधिक असे. पण ती जागा बहुधा दुसऱ्या कुणाच्या वाट्याची असे. म्हणूनच वाचलेल्यांच्या लेखनात सुटकेच्या आनंदाहून अपराधीपणाची बोच अधिक दिसते. अशा कैद्यांविषयी निवाडा देण्याची घाई करू नये, असे लेव्ही बजावतात. त्याच वेळी, मुख्य दोष ही यंत्रणा उभारणाऱ्यांचाच, हेही ते स्पष्ट करतात.

वळिवडेच्या आठवणी

असाच पेच सोसलेली माणसे महाराष्ट्रातही येऊन राहिली होती. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सैबेरिया, अर्खांगेल्स्क आणि कझाकस्तानात हद्दपार केले. तेथे नाझींसारख्या मृत्युछावण्या नव्हत्या. पण सक्तीचे श्रम, थंडी, उपासमार आणि साथीचे रोग यांनी असंख्य बळी घेतले. १९४१ च्या करारानंतर पोलिश सैन्याची उभारणी झाली. १९४२ मध्ये या सैन्यासोबत सुमारे १ लाख १५ हजार पोलिश लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचू शकले.

सुटकेच्या या वाटेवर अनेक मातांपुढे भयंकर पेच उभा राहिला. सैन्याने चालविलेल्या अनाथालयांत मुलांना अन्न मिळे आणि देशाबाहेर पडण्याची संधीही. त्यामुळे काही मातांनी स्वतः जिवंत असताना पोटची मुले तेथे सोपविली. हा त्याग की परित्याग, हे त्या क्षणी ना आईला ठरविता येत होते, ना मुलाला कळत होते.

यांतील सुमारे ५ हजार निर्वासितांना १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आसरा मिळाला. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, बालवीर पथकेही होती. १९४८ पर्यंत ही वस्ती रिकामी झाली आणि पुढे त्या जागी सिंधी निर्वासितांचे गांधीनगर वसले. तेथे वाढलेल्या मुलांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणी २००० मध्ये लंडन येथे पोलिश भाषेत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

विश्वासाचा दाखला

फ्रीडमन यांच्याच कल्पनेतून १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी येथे भिंतींविना राहिले, कुटुंबासह शेती करू लागले. गजानन दिगंबर माडगूळकर यांनी लिहिलेला आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये पडद्यावर आणलेला 'दो आँखे बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावर आधारलेला होता. पळून जाणे शक्य असताना तेथे राहणाऱ्या कैद्याचे वागणे त्याचे स्वतःचे होते, म्हणून त्याचे श्रेयही त्याचेच. छळछावणीतल्या कैद्याला हा अवकाश एका क्षणासाठीही नव्हता. त्यामुळे त्याच्या आठवणी वाचताना 'हा असा का वागला' यापेक्षा 'याच्यापुढे दुसरे काय उरले होते, आणि ते कुणी उरू दिले नाही' हे विचारणे अधिक न्याय्य ठरते.