पाच हजार बस कागदावर, आपल्या फाट्यावर किती?

मागे जिंतूर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. एका ताईंनी भाजलेले शेंगदाणे जुन्या पेपरात बांधून आणले होते. शेंगदाणे संपले आणि पेपरातली बातमी वर आली : एसटीला ५१५० विजेवरच्या बस मिळणार. ताईंनी बातमी मोठ्याने वाचली आणि मला विचारलं, "ताई, एवढ्यातली एक तरी आपल्या फाट्यावर का थांबत नाही?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधाशोध केली, ती आज सांगते.

आपल्या गटात कर्जाचा हिशेब कसा असतो? बँकेनं मंजूर केलं दीड लाख. खात्यात आले ऐंशी हजार. प्रत्यक्ष शेळ्या घेतल्या त्या साठ हजारांच्या. तिन्ही आकडे खरे, पण तीन वेगळ्या रकान्यांतले. बैठकीत कुणी नुसतं "दीड लाख मिळाले" म्हणालं, तर आपण लगेच वही उघडायला लावतो. सरकारी गाड्यांचा हिशेबही असाच रकाने पाहून वाचायचा असतो.

राज्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२१ साली आलं. त्यात एसटीच्या ताफ्यातल्या १५ टक्के बस विजेवरच्या करायचं उद्दिष्ट होतं. ताफा पंधरा हजारांचा धरला, तर सव्वादोन हजार बस झाल्या. हा उद्दिष्टाचा रकाना. २०२३ मध्ये ५१५० बस भाड्यानं घ्यायचं ठरलं, दोन वर्षांत टप्प्याटप्प्यानं यायच्या होत्या. हा मागणीचा रकाना. मे २०२५ पर्यंत हजारेक बस यायला हव्या होत्या, आल्या होत्या जेमतेम दोन-सव्वादोनशे. तेव्हा परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी ते कंत्राट रद्द करण्याचे निर्देश दिले. हा हातात आलेल्या मालाचा रकाना. शेंगदाण्याच्या कागदावरचा आकडा खोटा नव्हता, तो मधल्या रकान्यातला होता.

आता "भाड्यानं" या शब्दापाशी जरा थांबू. या बस एसटीच्या मालकीच्या नसतात. बस कंपनीची, चालक कंपनीचा, वाहक एसटीचा, आणि एसटी कंपनीला किलोमीटरमागे पैसे देते. म्हणून "तुमच्याकडे किती बस आहेत" एवढंच विचारलं, तर उत्तर देणारा मालकीच्या तेवढ्या मोजू शकतो किंवा सगळ्या मिळूनही मोजू शकतो. प्रश्नातच लिहायचं : मालकीच्या किती, भाड्याच्या किती.

दुसरी मेख "नवीन" या शब्दात आहे. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कार्यालयांनी नवीन गाडी घेताना विजेवरचीच घ्यायची, असं राज्य सरकारनं जाहीर केलं. समजा एका कार्यालयात वीस डिझेल जीप आहेत आणि वर्षभरात एकच नवी गाडी आली, ती विजेवरची. "यंदाची खरेदी शंभर टक्के स्वच्छ" असं ते कार्यालय खुशाल लिहू शकतं. अंगणात धूर मात्र वीस गाड्यांचा. जुन्या गाड्या कधी जाणार हेही म्हणून विचारावं लागतं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही, एसटीच्या बसही त्यात आल्या.

तिसरी गोष्ट, "स्वच्छ" कुणाला म्हणायचं? काही डिझेल बस गॅसवर चालवायचंही एसटीनं ठरवलं. गॅसच्या बसचा धूर कमी, पण धूर असतोच. युरोपातल्या देशांनी २०१९ मध्ये आपला कायदा सुधारला, तेव्हा हे दोन रकाने वेगळे केले. तिथे गॅसची बस स्वच्छ धरली जाते, पण स्वच्छ बसच्या उद्दिष्टातल्या निम्म्या बस मुळीच धूर न सोडणाऱ्या हव्यात. कुठल्या देशानं किती घेतल्या याचा अहवालही द्यावा लागतो. ही वेगळी मांडणी मला पटली. चुलीवरून गॅसवर आलेल्या बाईला चूल, गॅस आणि विजेची शेगडी यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आणि बस आपल्याकडे उशिरा का येतात? बस आणली की झालं, असं नाही. आगारात चार्जिंगसाठी मोठ्या दाबाची वीजजोडणी लागते, जागा लागते. एका चार्जिंगमध्ये बस किती किलोमीटर जाते ते पाहून मार्ग ठरतो. मोठ्या शहरांमधले मार्ग आधी येतात ते त्यामुळे. आपला गंगाखेड किंवा पाथरीचा खेड्यातला फेरा मागे राहतो. यात आपलं नुकसान दुहेरी आहे. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, ती विजेवरच्या बसलाही लागू आहे. पण बसच नाही तर अर्धं तिकीट कशाचं काढायचं? सकाळची जुनी बस रस्त्यात बंद पडली, की कॉलेजच्या पोरींचा दिवस जातो आणि दोन-तीन वेळा असं झालं की घरचे म्हणतात, "राहू दे आता शिक्षण."

विचारायचं कुठे? विधिमंडळात अर्थसंकल्पाआधी राज्याची आर्थिक पाहणी मांडतात. तिच्यात राज्यभरातल्या वाहनांची आणि एसटीची माहिती असते, पण आपल्या आगाराचं उत्तर तिथे सापडायचं नाही. त्यासाठी माहितीचा अधिकार. अर्ज विभाग नियंत्रक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला फी नाही, दाखला जोडायचा. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा, नाहीतर तेवढ्याच कारणावरून परत यायचा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं.

जिंतूरच्या त्या गटानं अर्ज लिहिला आहे. प्रश्न असे : आमच्या आगारात आज डिझेलच्या, गॅसच्या आणि विजेवरच्या बस किती? मालकीच्या किती, भाड्याच्या किती? पंधरा वर्षं पूर्ण होत आलेल्या किती? गेल्या वर्षी नव्या किती आल्या आणि त्या कुठल्या मार्गावर धावतात? आगारात चार्जिंगची सोय मंजूर आहे का, असल्यास काम कुठवर आलं? शेवटचा प्रश्न शेंगदाणेवाल्या ताईंनी सांगितला : आमच्या फाट्यावरून जाणारी सकाळची बस किती वर्षांची आहे?