माशाला इंजेक्शन कशाला? नॉर्वेच्या सॅमनची गोष्ट

हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. ट्रेनमध्ये नेटवर्क जातं, इअरफोन घरी राहतात, अशा सगळ्यांसाठी खास. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त दर वाक्यातलं माझं 'म्हणजे' काढून टाकलंय.

विषय आहे माशांचं लसीकरण. हो, माशांना लस देतात. आणि तीही एकेका माशाच्या पोटात सुई टोचून. हसू येतंय ना? थांबा, आधी आकडे ऐका.

१९८७ साली नॉर्वेच्या मत्स्यशेतीत सुमारे ४८ टन अँटिबायोटिक वापरलं गेलं. तेव्हा तिथलं उत्पादन होतं साधारण ५० हजार टन. टनभर माशामागे जवळपास एक किलो औषध! आज नॉर्वे वर्षाला १२ लाख टनांहून जास्त सॅमन काढतो आणि अँटिबायोटिक लागतं, बहुतेक वर्षी, एका टनाच्या आत. टनामागे एक ग्रॅमसुद्धा नाही. मासे वीसपटीहून जास्त झाले आणि औषध जवळजवळ संपलं. हे कसं जमलं, ते आज बघू.

आधी आजार

शेतीतला सॅमन जन्मतो जमिनीवरच्या गोड्या पाण्याच्या टाक्यांत. थोडा मोठा झाला की त्याला समुद्रात, फियॉर्डमधल्या जाळीच्या पिंजऱ्यांत सोडतात. नॉर्वेच्या कायद्याने एका पिंजऱ्यात दोन लाखांपर्यंत मासे ठेवता येतात. जाळीतून पाणी आरपार जातं, आणि पाण्याबरोबर जिवाणूही.

१९७९ च्या सुमारास हित्रा बेटाच्या आसपास मासे मरायला लागले. थंड पाण्यात वाढणाऱ्या एका व्हिब्रिओ जिवाणूचं हे काम. तो आजार 'हित्रा रोग' याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्यातून सावरत होते तोवर १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या पिल्लांबरोबर दुसरं संकट आलं: फुरुंक्युलोसिस. एरोमोनास साल्मोनिसिडा नावाच्या जिवाणूमुळे माशाच्या अंगावर गळवं येतात, आत रक्तस्राव होतो, आणि पिंजरेच्या पिंजरे रिकामे होतात. १९९२ पर्यंत हा रोग शेकडो फार्ममध्ये पोचला होता.

औषधातली गोम

दोन लाख माशांना गोळी कशी देणार? खाद्यात मिसळून. आणि इथेच गोम आहे. आजारी मासा सगळ्यात आधी काय करतो? खाणं सोडतो. ज्याला औषधाची गरज आहे तो उपाशी, आणि जो धडधाकट आहे तो औषधी खाद्यावर ताव मारतोय!

उरलेलं खाद्य आणि विष्ठा खाली जाते, सोबत औषधही समुद्राच्या तळाशी बसतं. तिथले जिवाणू त्या औषधाला सरावतात. तेव्हा वापरात असलेलं ऑक्सोलिनिक ॲसिड हे आपल्या ओळखीच्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्याच कुळातलं. जिवाणू एकमेकांना प्रतिकाराची जनुकं देऊ शकतात, त्यामुळे हा प्रश्न फक्त माशांचा राहत नाही. उद्या आपल्याला लागणारं औषधही बोथट होऊ शकतं.

मग शहाणपण कशात? मासा आजारी पडायच्या आधीच काहीतरी करण्यात.

कल्पना जुनी, जमली उशिरा

१९४२ साली कॅनडात डफ नावाच्या संशोधकाने याच फुरुंक्युलोसिसचे मेलेले जिवाणू ट्राउट माशांना खाद्यातून दिले, आणि ते मासे कमी मेले. पण तो काळ अँटिबायोटिकच्या आगमनाचा. स्वस्त औषध हातात असताना लशीच्या भानगडीत कोण पडणार? माशांच्या पहिल्या लशीला अमेरिकेत परवाना मिळाला तो थेट १९७६ मध्ये.

हित्रा रोगावरची लस नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या शेवटी आली आणि चांगली चालली. फुरुंक्युलोसिसने मात्र दाद दिली नाही. मारलेले जिवाणू नुसत्या पाण्यात मिसळून टोचले तर संरक्षण कमी मिळायचं आणि टिकायचंही नाही. कोडं सुटलं ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेलाने. लस तेलात घोटून दिली की ती पोटात साठून राहते, हळूहळू झिरपते, आणि माशाच्या रोगप्रतिकारशक्तीला महिनोन्‌महिने आठवण करून देत राहते. फोनवरचं ते न जाणारं नोटिफिकेशन असतं ना, तसंच.

सुई नेमकी कशी देतात?

मासा अजून गोड्या पाण्यात असतानाच. वजन साधारण ३० ते १०० ग्रॅम. आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, मग भुलीच्या पाण्यात घालतात. मासा शांत झाला की पोटाच्या मधल्या रेषेवर सुई. पूर्वी हे सगळं माणसं हाताने करायची, आता मशीन तासाला हजारो मासे टोचतं. एकाच डोसमध्ये पाच-सहा रोगांचे घटक असतात.

लहान पिल्लांना लशीच्या पाण्यात बुडवूनही काढतात, पण तेवढा टिकाऊपणा मिळत नाही. आणि खाद्यातून दिलेली लस पोटात पचून जाते!

आता माझा आवडता भाग. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे त्याच्या अँटिबॉडी किती वेगाने बनणार हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. म्हणून इथे नुसते दिवस मोजत नाहीत, दिवस गुणिले अंश सेल्सियस असा हिशोब करतात. लशीला साधारण ५०० असे 'दिवस-अंश' लागतात असं धरा. पाणी १० अंश असेल तर ५० दिवस, ५ अंश असेल तर १०० दिवस. त्याआधी मासा समुद्रात सोडला तर लस दिली काय नि न दिली काय.

याची किंमत कोण मोजतं?

मासाच मोजतो. ज्या तेलामुळे लस टिकते, त्याच तेलामुळे पोटात दाह होतो. आतडी, यकृत आणि पोटाची आतली भिंत एकमेकांना चिकटतात, काळे डाग पडतात. काही माशांची वाढ मंदावते, काहींच्या कण्यात दोष येतो. हे चिकटणं मोजायला ० ते ६ अशी मोजपट्टीसुद्धा आहे. सुरुवातीचा डोस ०.२ मिलीलीटरचा होता, तो ०.१ वर आला, काही लशींत ०.०५ वर. त्रास कमी झाला, संपला नाही. रोगाने कुजत मरण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटतं. पण लस दिली म्हणजे मासा मजेत, असं समजू नका.

आणि सगळं श्रेय लशीलाही देऊ नका. नॉर्वेने एका जागी एकाच पिढीचे मासे ठेवायला सुरुवात केली, दोन पिढ्यांमध्ये जागा काही काळ रिकामी ठेवली, फार्ममधलं अंतर वाढवलं. लस आणि शिस्त एकत्र आली म्हणून हे जमलं.

उलट उदाहरण हवं असेल तर चिलीकडे बघा. मासा तोच, सॅमन. पण तिथला मुख्य शत्रू पिसिरिकेट्सिया हा जिवाणू माशाच्या पेशींच्या आत लपतो, जिथे अँटिबॉडी पोचत नाहीत. लशी आहेत, पण त्यांचं संरक्षण तोकडं पडतं. परिणाम? एकेका वर्षी शेकडो टन अँटिबायोटिक.

आणि आपल्याकडे?

सॅमन महाग, चार-पाच किलोपर्यंत वाढतो, म्हणून एका सुईचा खर्च परवडतो. रोहू-कटल्याच्या तळ्यात एकेक मासा पकडून टोचणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण महाराष्ट्रातही धरणांच्या जलाशयांत पिंजरे टाकून पंगस आणि तिलापिया वाढवतात, आणि व्हिएतनाममध्ये पंगससाठी इंजेक्शनची लस आलेली आहे. म्हणजे हा विषय आपल्यापासून तितका लांब नाही.

कोळंबीचं काय, असं विचारणार असाल, तर तिच्याकडे अँटिबॉडीच बनत नाहीत. तिला अशी लस देऊन उपयोग नाही. तिथे स्वच्छ पाणी, निरोगी बीज आणि कमी गर्दी हाच उपाय.

तर पुढच्या वेळी बाजारात 'ताजा आहे का?' विचाराल, तेव्हा 'कुठल्या तळ्यातला?' हेही विचारा. उत्तर मिळेलच असं नाही. पण गिऱ्हाईक विचारायला लागलं की विकणाऱ्यालाही माहिती ठेवावी लागते.

प्रश्न असतील तर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!